वशिला नाही म्हणून थांबायचे का? लिंक्डइन, लांबची ओळख आणि मोठ्या वयातले शिक्षण

दर रविवारी सकाळी आम्ही वस्तीतल्या विहारालगतच्या अभ्यासिकेत तरुण-तरुणींसोबत बसतो. कोणी ऑनलाइन अर्ज भरून घ्यायला येते, कोणी बायोडाटा दाखवायला, कोणी नुसतेच बोलायला. दोन तासांत एक वाक्य हमखास कानावर पडते : "आपला तिथं कोणी वशिला नाही."

हे वाक्य खोटे नाही. वडील नाक्यावर उभे राहून काम मिळवतात किंवा महापालिकेच्या सफाई खात्यात आहेत, आई चार घरची धुणीभांडी करते, अशा घरातला पहिला पदवीधर नोकरी शोधायला निघतो तेव्हा कंपनीच्या आत काय चालते हे सांगणारे नात्यात कोणी नसते. जागा कुठे निघणार आहे, मुलाखतीत काय विचारतात, कोणता कोर्स उपयोगी पडतो आणि कोणत्या कोर्सात फक्त पैसे जातात, या गोष्टी काही घरांत जेवताना सहज बोलल्या जातात. त्या घरांतल्या मुलांना आपल्याला काही विशेष माहीत आहे असे वाटतही नाही. आपल्याला मात्र हीच माहिती विकत घ्यावी लागते आणि पुष्कळदा ती चुकीची निघते.

म्हणून या लेखात आम्ही लिंक्डइनसारख्या व्यावसायिक ओळखींच्या ऑनलाइन जाळ्याबद्दल लिहीत आहोत. हे नोकरी लावून देणारे यंत्र आहे असे आमचे म्हणणे नाही. वशिला आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वशिला घरातून मिळतो. ओळख मात्र तिशी-चाळिशीतही, नोकरी सांभाळून कमावता येते आणि तिच्यातून शिकताही येते. ते कसे, हे इथे सांगायचे आहे.

सात ग्रुप, एकच जाहिरात

आधी आपल्याकडे काय आहे ते पाहू. आपल्या तरुणांना ओळखी कमी असतात हे खरे नाही. जयंती मंडळ, विहार समिती, कॉलेजचे मित्र, अभ्यासिकेतले सोबती, गावाकडचे भावबंद असे शे-दोनशे लोक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतात. अडचण वेगळी आहे. पोलीस भरतीची जाहिरात आली की ती एकाच दिवशी सात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते. सातही ग्रुपमध्ये माणसे तीच, त्यांना माहीत असलेल्या गोष्टीही त्याच. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला हीच माणसे धावून येतात, त्यांचे मोल आम्ही कमी करत नाही. पण नवी बातमी त्यांच्याकडून येत नाही, कारण ती त्यांच्यापर्यंतही पोहोचलेली नसते.

समाजशास्त्रात याला एक प्रसिद्ध उत्तर आहे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा 'द स्ट्रेंथ ऑफ वीक टाइज' हा निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. बोस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारले, की ज्या ओळखीच्या माणसाकडून ही जागा कळली तो तुम्हाला किती वेळा भेटत असे? सुमारे १७ टक्के लोक म्हणाले, वारंवार. सुमारे ५६ टक्के म्हणाले, अधूनमधून. आणि सुमारे २८ टक्के म्हणाले, क्वचितच, म्हणजे वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी. नमुना लहान होता, अवघ्या ५४ जणांचा. पण त्यातून निघालेला विचार टिकला. जवळची माणसे आपल्यासारख्याच वर्तुळात फिरतात. लांबची ओळख दुसऱ्या वर्तुळात नेऊन सोडते, म्हणून नवी माहिती तिच्याकडून येते.

एम.ए.च्या वर्गात हे शिकलो तेव्हा आम्ही ते परीक्षेपुरते पाठ केले होते. पुढे आम्हाला आत्ताचे काम मिळाले ते एका प्रशिक्षण शिबिरात तीन दिवस शेजारी बसलेल्या व्यक्तीमुळे. दोन वर्षांत आमचे एकदाही बोलणे झाले नव्हते. जागा निघाल्यावर तिने फक्त जाहिरातीची लिंक पाठवली. अर्ज, लेखी परीक्षा, मुलाखत सगळे आमचे आम्ही केले. पण ती लिंक आली नसती तर शेवटची तारीख उलटून गेल्यावर आम्हाला कळले असते.

केळुसकर गुरुजींचे उदाहरण

ही गोष्ट परदेशी संशोधनातूनच समजून घ्यायला हवी असे नाही. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या एका विद्यार्थ्याकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे लक्ष गेले. केळुसकर विल्सन हायस्कूलमधले शिक्षक आणि लेखक. ते त्या मुलाच्या नात्यातले नव्हते की चाळीतले नव्हते. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे शिक्षणासाठी पैसा कमी पडू लागला तेव्हा हेच केळुसकर त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, भीमरावांनी उत्तरे दिली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर.

या प्रसंगात वशिला आणि ओळख यांतला फरक स्पष्ट दिसतो. केळुसकरांनी दार दाखवले. आत गेल्यावर प्रश्नांची उत्तरे बाबासाहेबांना स्वतःच द्यावी लागली, आणि ती देण्याइतका अभ्यास त्यांनी आधीच केला होता. वशिल्यात उत्तर न येणाऱ्यालाही जागा मिळते. आपल्याला तसला वशिला नको आहे. दार कुठे आहे हे सांगणारी माणसे मात्र हवी आहेत. पूर्वी अशी माणसे योगायोगाने भेटत. आज ती शोधता येतात.

लिंक्डइन म्हणजे नेमके काय

लिंक्डइन मे २००३ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली. आज तिचे १०० कोटींहून अधिक सदस्य आहेत आणि अमेरिकेनंतर सर्वाधिक सदस्य भारतात आहेत. अ‍ॅपची भाषा मराठी ठेवता येते. फेसबुकवर माणूस घरचे फोटो टाकतो, इथे तो आपले शिक्षण, काम आणि कामातले अनुभव मांडतो. तुम्ही ज्यांच्याशी थेट जोडलेले आहात ती पहिली फळी, त्यांच्या ओळखीचे लोक दुसरी फळी आणि त्यापुढे तिसरी. आपल्या कामाची माणसे बहुधा दुसऱ्या फळीत असतात.

ग्रॅनोव्हेटर यांचा विचार या जाळ्यावर तपासूनही पाहिला गेला. 'सायन्स' या नियतकालिकात सप्टेंबर २०२२ मध्ये एक अभ्यास आला. 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून लिंक्डइन जी नावे सुचवते, त्या सूचनांमध्ये २०१५ ते २०१९ या काळात मुद्दाम फरक करून २ कोटींहून अधिक सदस्यांवर काय परिणाम होतो हे त्यात पाहिले होते. नोकरी बदलायला सर्वांत जास्त मदत झाली ती मध्यम लांबच्या ओळखींची. अगदी जवळच्या मित्रांची मदत कमी झाली आणि ज्यांच्याशी काहीच समान नाही अशा अनोळखी लोकांचीही कमी झाली. म्हणजे दिसेल त्याला रिक्वेस्ट पाठवून उपयोग नाही. ज्यांच्याशी कॉलेज, गाव, विषय किंवा काम यांपैकी एखादा धागा जुळतो, अशा लांबच्या माणसांकडे जायला हवे.

याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट शिकावी. ज्या कोट्यवधी लोकांवर हा प्रयोग झाला त्यांना तो चालू असताना तसे सांगितलेले नव्हते. हे जाळे समाजसेवेसाठी उभे नाही. आपली माहिती हा त्या कंपनीचा धंदा आहे. म्हणून वापरायचे ते डोळे उघडे ठेवून. आधार क्रमांक, जातीचा दाखला, घरचा पत्ता तिथे टाकायचा नाही. पैसे भरून मिळणाऱ्या प्रीमियम सदस्यत्वाची सुरुवातीला गरज नसते.

आधी शिकायला जा, नोकरी मागायला नंतर

आमच्याकडे येणारे बहुतेक तरुण खाते उघडतात, फोटो टाकतात, दीडशे जणांना "सर, जॉब असेल तर सांगा" असा मेसेज पाठवतात आणि महिनाभराने म्हणतात, "काही उपयोग नाही त्याचा." उपयोग झाला नाही, कारण सुरुवातच शेवटच्या पायरीपासून केली.

गॅरेजमध्ये नवा आलेला पोरगा पहिल्या दिवशी इंजिन उघडत नाही. तो पाना हातात देतो, ऑइलचा डबा धरतो आणि बघत राहतो. कोणता आवाज आला की मिस्त्री कुठे हात घालतो, गिऱ्हाइकाशी काय बोलतो, हे त्याच्या कानावर पडत असते. सहा महिन्यांनी तो ब्रेक लावायला शिकलेला असतो आणि त्याला कोणी धडा असा दिलेला नसतो. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ च्या 'सिच्युएटेड लर्निंग' या पुस्तकात शिकण्याची हीच रीत मांडली. लेव्ह यांनी आफ्रिकेतील लायबेरियात शिंप्यांकडे शिकणाऱ्या उमेदवारांचा अभ्यास केला होता. तिथला नवा मुलगा आधी बटणे लावतो, काठ दुमडतो. कापड कापणे सर्वांत शेवटी येते. आधी काठावर बसायचे आणि हळूहळू कामाच्या मध्यभागी जायचे, असा हा क्रम असतो.

ऑफिसच्या कामात आपल्याला हा काठच मिळत नाही. ज्या ऑफिसात आपण कधी पाऊल टाकलेले नाही तिथले लोक काय बोलतात हे ऐकणार कुठे? लिंक्डइनचा पहिला उपयोग इथे आहे. एकच व्यवसाय निवडा. त्यात काम करणारे वीस लोक शोधा, शक्यतो आपल्याच शहरातले किंवा आपल्याच विद्यापीठातून शिकलेले. बहुतेक कॉलेजांच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. कोणत्या बॅचचे लोक कुठे काम करतात ते तिथे दिसते. मग वही घ्या आणि प्रत्येकाचा प्रवास लिहा. पदवी कोणती, पहिली नोकरी कोणती, दुसरी किती वर्षांनी, कोणते सॉफ्टवेअर, कोणते प्रमाणपत्र. वीस जणांचे लिहून झाले की तीन-चार गोष्टी पुन्हा पुन्हा येताना दिसतील. तोच आपला अभ्यासक्रम. एखाद्या क्लासच्या जाहिरातीपेक्षा तो जास्त भरवशाचा, कारण तो खऱ्या माणसांच्या वाटचालीतून निघालेला असतो. प्रोफाइलमध्ये लोक थोडी फुशारकी मारतात, म्हणून एका-दोघांवर विसंबू नका, वीस जण बघा.

आमच्या अभ्यासिकेतल्या एका ताईचे उदाहरण सांगतो. बी.कॉम. झालेली, वय सव्वीस, मॉलमध्ये बिलिंग काउंटरवर दहा तास उभी राहायची. तिने करसल्लागारांच्या कार्यालयात काम करणाऱ्या लोकांच्या पोस्ट वाचायला सुरुवात केली. पहिला महिनाभर निम्मे कळत नव्हते. मग तिच्या लक्षात आले की प्रत्येक महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास हे लोक वैतागलेले असतात. ११ ही जीएसटीआर-१ भरण्याची आणि २० ही जीएसटीआर-३बी भरण्याची तारीख. मधल्या काळात त्यांची सगळी झटापट एकाच गोष्टीशी चालते. पुरवठादारांनी दाखवलेली बिले जीएसटीआर-२बी मध्ये येतात, ती आणि आपली खरेदीची नोंदवही जुळत नाहीत. कॉलेजमध्ये जीएसटीचा धडा होता, पण नोकरीत दर महिन्याला दुखणारी जागा ही आहे हे तिला तिथे कोणी सांगितले नव्हते. तिने तेवढीच गोष्ट धरली. एक्सेलमध्ये दोन याद्या जुळवायला ती यूट्यूबवरून आणि आमच्याकडच्या जुन्या संगणकावर शिकली.

शिकण्याची साधने आज महाग नाहीत. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर आणि आयआयटी व आयआयएससी यांच्या 'एनपीटीईएल' उपक्रमात अभ्यासक्रम मोफत पाहता येतात. पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी, आणि शुल्कात सवलत कोणाला आहे ते अर्ज करण्यापूर्वी वाचून घ्यावे. पदवी अर्धवट राहिली असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच. साधन नाही ही आजची मुख्य अडचण नाही. ढिगातून नेमके काय उचलायचे हे सांगणारे कोणी नाही, ही आहे. ते सांगण्याचे काम लांबची ओळख करते.

आपले काम लिहायला शिका

प्रोफाइल भरताना आमचे कार्यकर्ते एका रकान्यापाशी अडतात : अनुभव. ते म्हणतात, "अनुभव काहीच नाही." मग आम्ही विचारतो, यंदा १४ एप्रिलला मंडळाचा हिशोब कोणी ठेवला? पोलीस परवानगी, मंडप, ध्वनिक्षेपक, मिरवणुकीचा मार्ग, वर्गणीच्या पावत्या, साठ स्वयंसेवकांच्या पाळ्या, हे कोणी केले? ६ डिसेंबरला दादरला येणाऱ्या लोकांसाठी पाणी आणि जेवणाची व्यवस्था कोणी लावली? हे सगळे करणारा तरुण समोर बसून "अनुभव नाही" म्हणतो, कारण बिनपगारी कामाला काम म्हणायची आपल्याला सवय नाही.

ते लिहायचे, खरे आणि आकड्यांसह लिहायचे. "सामाजिक कार्याची आवड" या ओळीतून समोरच्याला काही कळत नाही. "तीन वर्षे वार्षिक कार्यक्रमाचा जमाखर्च सांभाळला, दरवर्षी लेखी हिशोब सभेत मांडला" या ओळीतून कळते. "अभ्यासिकेत आठवी ते दहावीच्या २२ मुलांना दोन वर्षे गणित शिकवले" यातूनही कळते.

स्पर्धा परीक्षेत गेलेल्या वर्षांबद्दलही हेच. सहा-सात वर्षे तयारी करून तिशी ओलांडलेले कितीतरी जण आमच्याकडे येतात. त्यांना त्या वर्षांची लाज वाटते आणि ते ती लपवतात. लपवल्याने मधली रिकामी जागा जास्त डोळ्यांवर येते. "या काळात राज्यसेवेची तयारी, सोबत शिकवणी आणि भावाच्या दुकानाचा हिशोब" असे सरळ लिहावे. ती वर्षे आळसात गेलेली नव्हती. मोठ्या वयात शिकणाऱ्याजवळ कोऱ्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त भांडवल असते. प्रौढ शिक्षणाचा विचार करणारे माल्कम नोल्स यांनी हेच मांडले, की प्रौढ माणूस आपल्या अनुभवाच्या आधारे शिकतो आणि समोर असलेला प्रश्न सोडवण्यासाठी शिकतो.

विचारायचे कसे

दोन-तीन महिने वाचल्यावर प्रश्न विचारावा, आणि तो असा असावा की समोरच्याला दोन मिनिटांत उत्तर देता येईल. आमच्या त्या ताईने पाठवलेला मेसेज साधारण असा होता : "नमस्कार. मी बी.कॉम. आहे, सध्या दुकानात बिलिंगचे काम करते. जीएसटीआर-२बी आणि खरेदीची नोंदवही जुळवायला शिकते आहे. पुरवठादाराने बिल उशिरा दाखवले तर त्या महिन्यात तुम्ही त्याची नोंद कशी ठेवता? दोन ओळींत सांगितलेत तरी चालेल."

असे मेसेज तिने नऊ जणांना पाठवले. सहा जणांनी उत्तर दिले नाही. दोघांनी एकेक ओळ लिहिली. एका बाईंनी नीट समजावले, की अशा बिलांची वेगळी यादी ठेवायची आणि पुढच्या महिन्याच्या २बी मध्ये ती आली का ते तपासायचे. ताईने त्याप्रमाणे नमुना तक्ता करून त्यांना दाखवला. पुढे पाच महिन्यांनी त्यांच्याच ओळखीच्या एका कार्यालयात सहायक हवी होती. तिथे तिला संगणकासमोर बसवून दोन याद्या जुळवायला दिल्या. तिने जुळवल्या. पगार मॉलपेक्षा फार वाढला नाही, पण आता तिच्या पुढे एक वाट आहे.

नऊपैकी सहा गप्प राहिले, हे आम्ही मुद्दाम लिहिले आहे. उत्तर न येणे हा अपमान नाही. ते मनाला लावून घेऊ नका आणि एकाच माणसाला चार वेळा मेसेज पाठवू नका. उत्तर आले तर आभार माना, सांगितलेली गोष्ट करून पाहा आणि काय झाले ते कळवा. ओळख टिकते ती या शेवटच्या पायरीमुळे, आणि नेमकी तीच बहुतेक जण विसरतात. इंग्रजी चुकेल म्हणून घाबरू नका. छोटी, साधी वाक्ये लिहा. मराठी माणसाला मराठीत लिहायला काहीच हरकत नाही.

आडनावाचे काय

हा प्रश्न दर रविवारी येतो, त्यामुळे तो टाळून हा लेख पूर्ण होणार नाही. प्रोफाइलवर आडनाव ठेवायचे का? जयंती मंडळाचे नाव लिहायचे का?

ही भीती कल्पनेतली नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये आला. त्यांनी ६६ आठवडे खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्री जाहिरातींना अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला होकारार्थी उत्तर येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे दोन तृतीयांशाने कमी. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास मांडला. हे अधिकारी गुणवत्तेची भाषा बोलत होते आणि त्याच वेळी उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारणे त्यांना अगदी स्वाभाविक वाटत होते.

लिंक्डइनवर नाव आणि फोटो दोन्ही सर्वांत वर असतात. त्यामुळे हे जाळे जातीपलीकडचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. नावावरून बाजूला सारणारा माणूस इथेही तसेच करील. मग फायदा काय? फायदा असा, की गठ्ठ्यातल्या अर्जात नावाशिवाय फारसे काही दिसत नाही. ज्याने आपला तक्ता पाहिला आहे, आपल्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, त्याला मात्र नावाआधी आपले काम आठवते. भेदभाव यामुळे संपत नाही. एखाद्या ठिकाणी त्याला वळसा घालता येतो, एवढेच.

आडनाव ठेवावे की नाही हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. घर चालवायची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने नाव आखूड केले तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही, आणि पूर्ण नाव अभिमानाने लिहिणाऱ्याला अव्यवहारी म्हणण्याचाही नाही. आम्ही स्वतः पूर्ण नाव ठेवले आहे. तरुणांना एवढेच सांगतो, की खोटे काही लिहू नका आणि नकार आला की आपणच कमी पडलो असे समजू नका. ओळखी वाढवणे हे आपले एक काम. खासगी क्षेत्रातील भरतीचा हिशोब मागणे हे दुसरे. पहिले करायला लागलो म्हणून दुसरे सोडायचे नाही.

फसवणुकीपासून सावध

गरज जितकी मोठी, तितका ठग जवळ येतो. आमच्या वस्तीतल्या एका मुलाने 'नोंदणी शुल्क', मग 'लॅपटॉपची अनामत' असे करत आईचे मंगळसूत्र गहाण ठेवून पैसे भरले. ऑफर लेटरवर शिक्का होता, कंपनी नव्हती. नियम एकच पाठ करा : नोकरी देणारा पैसे मागत नाही. मागितले, की तिथेच बोलणे बंद. ओटीपी कोणालाही द्यायचा नाही. मुलाखत फक्त टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजवर होत असेल तर संशय घ्या. कंपनीच्या मूळ संकेतस्थळावर ती जागा आहे का ते पाहा.

परदेशातल्या 'डेटा एंट्री'च्या मोठ्या पगाराबाबत तर दुप्पट सावध राहा. अशा जाहिरातींना भुलून गेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमार, कंबोडिया, लाओस इथे डांबून ऑनलाइन फसवणुकीची कामे करायला लावल्याचे उघड झाले आहे आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. परदेशी पाठवणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी तपासा. पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

हे एकट्याने करायचे काम नाही

मोबाइल हातात देऊन "आता ओळखी वाढव" म्हटले की कोणी वाढवत नाही. एकटा माणूस तिसऱ्या आठवड्यात थकतो. म्हणून आम्ही अभ्यासिकेत दोन गोष्टी सुरू केल्या आहेत. एक, महिन्यातून एका रविवारी पाच-सहा जणांनी एकत्र बसून एकमेकांची प्रोफाइल वाचायची आणि न कळलेल्या ओळीखाली रेघ मारायची. दोन, एक वही ठेवायची. कोणी कोणत्या क्षेत्रातल्या माणसाला काय विचारले, काय उत्तर आले, कोणता कोर्स फुकट गेला, कोणता कामी आला, ते तिच्यात लिहायचे. पुढच्या वर्षी येणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागू नये, हा त्या वहीचा हेतू. यासाठी निधी लागत नाही. एक खोली, एक इंटरनेट जोडणी आणि चिकाटी लागते.

शेवटी एक विनंती, जे पोहोचले आहेत त्यांना. आपल्या समाजातले कितीतरी जण आज बँकांत, आयटी कंपन्यांत, रुग्णालयांत, विद्यापीठांत आहेत. त्यांच्याकडे वशिला मागायला कोणी येत नाही. पण एखाद्या अनोळखी मुलीचा मेसेज इनबॉक्समध्ये पडून असतो, तिने एक छोटा प्रश्न विचारलेला असतो. त्याला उत्तर द्यायला दोन मिनिटे लागतात. आपल्याकडे जागा निघाली तर तिची लिंक वस्तीतल्या ग्रुपवर टाकायला एक मिनिट. केळुसकर गुरुजींनी बागेतल्या त्या विद्यार्थ्याची चौकशी केली तेव्हा पुढे काय घडणार आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. आपल्यालाही ते ठाऊक असण्याची गरज नाही. आज इनबॉक्स उघडा आणि राहिलेले एक उत्तर लिहून टाका.